खोटा ‘ठीक’ कुठून येतो : सीमधल्या एका छोट्या युटिलिटीची एरर-तपासणी

भुईकाट्याच्या पेटीत मेमरी कार्ड बसवण्याआधी त्यावर आम्ही एक छोटी युटिलिटी चालवतो. ती कार्डावर ठरलेल्या मापाची फाईल लिहिते, परत वाचते, बाइटला बाइट जुळतो का ते पाहते आणि शेवटी ‘ठीक’ किंवा ‘खराब’ सांगते. सीमध्ये लिहिलेली, जेमतेम अडीचशे ओळींची. रावेर-यावलकडच्या केळीच्या गाड्या आणि जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगला जाणाऱ्या कपाशीच्या गाड्या ज्या काट्यांवर चढतात, तिथे पत्र्याची केबिन असते, मे महिन्यातलं खानदेशी ऊन असतं आणि मध्येच जाणारी लाईट असते. कार्डाने दगा दिला की पावती छापून निघते, नोंद मात्र राहत नाही. मग फोन येतो, ‘भाऊ, पावती तं निंघनी, पन फाईल कोठे शे?’

साधा प्रोग्राम चुकला तर कोणीतरी बोंब मारतं. तपासणारा प्रोग्राम चुकला तर तो बहुतेक वेळा ‘ठीक’ म्हणतो आणि कोणालाच काही कळत नाही. म्हणून ही युटिलिटी वाचताना शैली, नावं, वेग वगैरे बाजूला ठेवलं. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला : इथे काही बिघडलं, तरी पुढे ‘ठीक’पर्यंत पोचता येतं का?

सुरुवात मेन या मुख्य फंक्शनच्या शेवटच्या ओळीपासून केली, कारण निकाल तिथून बाहेर पडतो. तिथे होतं, ‘न जुळलेल्या ब्लॉकची संख्या रिटर्न करा’. दिसायला सोयीचं, पण घातक. लिनक्सवर प्रोसेसच्या एक्झिट कोडचे, म्हणजे प्रोग्राम संपताना जो आकडा देतो त्याचे, फक्त खालचे ८ बिट शेलपर्यंत, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, पोचतात. २५५ ब्लॉक खराब असले तर २५५ मिळतो, बरोबर २५६ खराब असले तर ० मिळतो, म्हणजे ‘ठीक’. ब्लॉक १ एमबीचा असेल तर २५६ एमबीची पूर्ण बिघडलेली फाईल पास होते, आणि २५६ हे माप तर कोणीही सहज टाइप करतं. ग्रेप, डिफ आणि सीएमपी या शोधणाऱ्या-तुलना करणाऱ्या जुन्या कमांडांनी जे तीन आकडे वर्षानुवर्षं वापरले आहेत तेच घेतले : ० म्हणजे सगळं जुळलं, १ म्हणजे तपासलं आणि फरक सापडला, २ म्हणजे तपासताच आलं नाही. संख्या अहवालात छापायची, एक्झिट कोडात नाही. १ आणि २ वेगळे ठेवल्यावर बाकीची तपासणी सोपी होते. एरर दिसली की ती या दोनांपैकी कुठे जाते एवढंच ठरवायचं राहतं.

मग कंपायलरला बोलू दिलं. जीसीसी या सी कंपायलरला -वॉल, -डब्ल्यूएक्स्ट्रा वगैरे इशारे सगळेच लावतात, पण इथे कामाची जोडी वेगळी आहे : ऑप्टिमायझेशन -ओ२ आणि फॉर्टिफाय सोर्स २. जीलिबसी या सीच्या लायब्ररीमध्ये फॉर्टिफाय, म्हणजे जादा तपासणी, चालू असलं की राइट, रीड, एफरीड अशा फंक्शनांचं उत्तर न बघता टाकून दिल्यास इशारा येतो. हा इशारा बंद करायला कोणी समोर ‘उत्तर नको’ असं सांगणारा व्हॉइडचा कास्ट लावतं, पण जीसीसी त्याला भीक घालत नाही. हे चांगलंच आहे. एफक्लोज आणि क्लोजवर मात्र असा इशारा येत नाही. ते डोळ्यांनीच शोधावे लागतात.

कंपायलर अजिबात बोलला नाही अशी एक जागा होती. राइटची हाक असर्टच्या, म्हणजे अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासणीच्या, कंसात लिहिलेली होती : ‘राइट केलेले बाइट अपेक्षेइतके आहेत’ असं असर्ट. डीबग बिल्डमध्ये चोख चालतं. रिलीज बिल्डमध्ये एनडीबग लावला की असर्ट पूर्ण गायब होतो आणि त्याच्या पोटातली राइटही गायब होते. फाईल उघडते, बंद होते, आत काही नाही. असर्ट प्रोग्रामरच्या तर्काची चूक पकडायला असतो. डिस्क भरणं, कार्ड निघणं या प्रोग्रामरच्या चुका नव्हेत, त्या रोजच्या गोष्टी आहेत. असर्टच्या कंसात फंक्शनची हाक दिसली की ती बाहेर काढायची, यात वाद घालत बसू नये.

कमांड लाइनवरून माप घेण्याचं काम मजकुराचा आकडा करणाऱ्या एटूआयवर सोपवलं होतं. एटूआयला ‘५१२’ दिलं तर ५१२, ‘पाचशे’ दिलं तर ०, आणि तक्रार कधीच नाही. माप ० आलं की लूप एकदाही फिरत नाही, न जुळलेले ब्लॉक ०, निकाल ‘ठीक’. त्याजागी एरर कळवणारं स्ट्रटूयूएलएल आणलं तरी काम संपत नाही. आधी एर्नो, म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल, ० करायचा, मग हाक, मग तीन गोष्टी बघायच्या : एर्नोमध्ये ईरेंज, म्हणजे ‘आकडा मापात बसत नाही’, आहे का, शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच अडकला आहे का म्हणजे अंकच नव्हते का, आणि अंकांनंतर काही कचरा उरला आहे का. यावर आणखी एक खोच आहे. स्ट्रटूयूएलएल वजाचं चिन्ह आनंदाने स्वीकारतं. ‘-१’ दिल्यावर एरर येत नाही, ६४ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा येतो. म्हणून पहिलं अक्षर अंकच आहे ना, हे स्वतः बघायचं. पुढे एमबीचे बाइट करताना १०४८५७६ने गुणलं जातं. तो गुणाकार साध्या इंटमध्ये केला तर २०४८ एमबीला बरोबर ओव्हरफ्लो होतो. तो ६४ बिटांत करायचा आणि जीसीसीच्या बिल्टइन गुणाकार-तपासणीतून न्यायचा.

आता मुख्य जागा : लिहिण्याचं लूप. खरी मजा इथे आहे आणि खोटा ‘ठीक’ही सगळ्यात जास्त इथेच लपतो.

राइट तीन प्रकारची उत्तरं देतं आणि मूळ कोड त्यातलं एकच ओळखत होता. -१ म्हणजे एरर, एर्नो बघा. मागितले तेवढे बाइट म्हणजे झालं. आणि मधलं उत्तर : मागितल्यापेक्षा कमी. हे मधलं उत्तर एरर नाही, त्या वेळी एर्नोला अर्थ नसतो. तिथे पीएररने एर्नोवरून संदेश छापला तर आधीच्या कुठल्या तरी हाकेचं जुनं कारण छापलं जातं. कधी चक्क ‘सक्सेस’ छापलं जातं आणि वाचणारा डोकं धरून बसतो. कमी बाइट आले तर उरलेल्यांसाठी पुन्हा हाक मारायची. खरं कारण असेल तर ते पुढच्या हाकेला -१ घेऊन येतंच. डिस्क भरते तेव्हा नेमकं हेच घडतं : आधी अर्धवट लिहिलं जातं, पुढच्या हाकेला ईनोस्पेस, म्हणजे ‘जागा नाही’.

ईइंटर आला, म्हणजे काही लिहिण्याआधीच सिग्नलने हाक तोडली, तर तीच हाक परत. शून्य बाइट परत आले तर? मागणी शून्यापेक्षा मोठी असताना साध्या फाईलवर हे सहसा होत नाही, पण लूपमध्ये ही वाट उघडी ठेवली तर प्रोग्राम कायमचा फिरत बसतो. शून्य आलं की ते ईआयओ, म्हणजे वाचन-लेखनाची एरर, समजून बाहेर पडायचं, असं ठरवलं. एका हाकेत फार मोठा तुकडाही द्यायचा नाही. लिनक्स एका राइटमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटांपुढे जातच नाही, मग मागणी कितीही असो. १ एमबीचे ब्लॉक असल्यामुळे तो प्रश्न इथे उद्भवला नाही.

लूप दुरुस्त झालं म्हणजे डेटा कार्डावर पोचला असं नाही. राइटने होकार दिला याचा अर्थ एवढाच, की डेटा कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये पोचला. कार्डापर्यंत तो नंतर जातो आणि तिथे आलेली एरर डेटा कार्डापर्यंत ढकलणाऱ्या एफसिंकच्या उत्तरात कळते. मूळ कोडात एफसिंक नव्हतंच. ते घातल्यावर लगेच कोणीतरी सुचवतं, ‘फेल झालं तर दोन-तीनदा परत करून बघू.’ नेमकं हेच करायचं नाही. लिनक्समध्ये एफसिंक एकदा फेल झालं की जी पानं लिहिता आली नाहीत तीही ‘स्वच्छ’ म्हणून खुणावली जाऊ शकतात, आणि दुसरं एफसिंक निवांत ० देतं. डेटा गेलेला असतो, उत्तर होकाराचं असतं. पोस्टग्रेस्क्यूएलवाल्यांनी २०१८मध्ये हा धडा घेतला आणि त्यानंतर एफसिंक फेल झालं की डेटाबेसने थांबावं असा बदल केला. आपल्या युटिलिटीत तर हे आणखी सरळ आहे : एफसिंकची पहिली एरर हाच कार्डाचा निकाल.

क्लोजचं उत्तरही बघायचं, विशेषतः फाईल नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर असेल तर, कारण तिथे जागा संपल्याची बातमी कधी कधी क्लोजलाच येते. पण क्लोजला ईइंटर आला म्हणून परत क्लोज करू नये. लिनक्सवर डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा क्रमांक, तोपर्यंत सुटलेला असतो. दुसऱ्या थ्रेडने तोच आकडा घेतला असेल तर भलत्याचीच फाईल बंद होईल.

एफएटी३२ची भानगड वेगळी. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण याच फॉरमॅटमध्ये येतात आणि त्यात एक फाईल ४ जीबीला एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपुढे जात नाही. तिथे ईएफबिग, म्हणजे ‘फाईल फार मोठी’, येतो. मूळ कोड कुठल्याही -१ला ‘कार्ड भरलं किंवा खराब’ असा संदेश देत होता, त्यामुळे १६ जीबीचं चांगलं कार्ड ४ जीबीला बाद व्हायचं. आता युटिलिटी १ जीबीच्या फाईली एकामागून एक लिहिते, आणि ईएफबिग आलाच तर निकाल २, कार्डावर ठपका नाही. ईआयओसोबत एफएटीच्या नोंदींत गडबड दिसली तर कर्नल ते पार्टिशन फक्त-वाचन करून टाकू शकतो, त्यामुळे पुढच्या फाईलींना ईआरओएफएस येत राहतो. अहवालात शेवटची एरर छापली तर ‘कार्ड रीड-ओन्ली आहे’ असं दिसतं आणि माणूस कार्डाच्या बाजूची कुलपाची खिट्टी तपासत बसतो. पहिली एरर जपून ठेवायची, नंतरच्या फक्त मोजायच्या.

परत वाचण्याच्या भागात एक गोष्ट अशी सापडली, की ती जवळून दाखवलीच पाहिजे. लिहिण्यासाठी आणि वाचण्यासाठी बफर एकच होता. ब्लॉक क्रमांकावरून नमुना बफरमध्ये तयार व्हायचा, लिहिला जायचा. वाचताना पुन्हा तोच नमुना ‘अपेक्षित’ म्हणून दुसऱ्या बफरात बनायचा आणि फाईलमधलं पहिल्या बफरात यायचं. शेवटच्या ब्लॉकची गंमत बघा. लिहून झाल्यावर पहिल्या बफरात शेवटच्या ब्लॉकचा नमुना तसाच पडून असतो. एकाच ब्लॉकची फाईल असेल आणि रीडने -१ दिलं, पण उत्तर कोणी बघितलं नाही, तर मेमसीएमपी जुन्या नमुन्याची नव्या नमुन्याशी तुलना करतो. तंतोतंत जुळतं. कार्डावरून एक बाइटही न वाचता ‘ठीक’. उपाय दुहेरी : वाचण्याचा बफर वेगळा, आणि प्रत्येक रीडच्या आधी तो नमुन्यात कधीच न येणाऱ्या मजकुराने भरून टाकायचा. रीडचं उत्तर तपासायचं ते आहेच, पण उद्या कोणी ती तपासणी चुकून उडवली तरी निकाल खोट्या बाजूला जाणार नाही.

रीडने ० दिलं म्हणजे फाईल संपली. मूळ लूप तिथे शांतपणे बाहेर पडत होतं. १०० एमबी लिहिलेल्या फाईलचे ४० एमबीच उरले असतील तर ४० तपासले, सगळे जुळले, ‘ठीक’. म्हणून शेवटी एकच तुलना वाढवली : तपासलेले बाइट मागितलेल्या बाइटांइतके आहेत का? नसतील तर निकाल १. या एका ओळीने जितक्या वाटा बंद झाल्या तितक्या दुसऱ्या कुठल्याच दुरुस्तीने झाल्या नाहीत. अर्धवट लिहिणं, असर्टमधून उडालेली राइट, सगळं या गाळणीत अडकतं. अट एकच, की तुलना मागितलेल्या मापाशी हवी. लिहिलेल्या बाइटांच्या मोजणीशी केली तर दोन्हीकडची चूक सारखीच असू शकते. आणि मागितलेलं माप ० असेल तर सुरुवातीलाच २ देऊन बाहेर पडायचं.

नमुना कसा असावा यावरही निकाल अवलंबून आहे. सगळीकडे ०एक्स५५ हा एकच बाइट भरला तर खोट्या क्षमतेचं कार्ड पकडलं जात नाही. अशी कार्डं ६४ जीबी दाखवतात, आत ८ असतात, आणि ८ नंतरचं लिखाण पुन्हा सुरुवातीवरच चढतं. सगळे बाइट सारखे असतील तर वाचताना कुठूनही वाचलं तरी जुळतं. आता दर ५१२ बाइटांच्या तुकड्यात त्याचं स्वतःचं अंतर, फाईलचा क्रमांक आणि त्या वेळचं बीज, म्हणजे दर वेळी बदलणारा आकडा, लिहिलेलं असतं. बीज बदलत राहिलं की मागच्या वेळचा जुना डेटाही नवा म्हणून खपत नाही.

आणि रॅमचा प्रश्न राहतोच. लिहिल्या-लिहिल्या वाचलं तर उत्तर पेज कॅशमधून येतं, कार्डाला कोणी विचारतच नाही. एफसिंक झाल्यावर पॉझिक्स-एफअ‍ॅडव्हाइझने ‘आता गरज नाही’ असं कळवता येतं, पण तो सल्ला आहे, हुकूम नाही. खात्री हवी असेल तर लिहिणं आणि वाचणं या दोन वेगळ्या कमांड ठेवायच्या, मध्ये कार्ड अनमाउंट करून, काढून, पुन्हा घालायचं. युटिलिटीचे तसे दोन भाग केले.

साफसफाईच्या कोडाबद्दल थोडक्यात. गोटू, म्हणजे थेट उडी मारणारी आज्ञा, वापरायला लाजू नये. फंक्शनच्या शेवटी एकच बाहेरची वाट, आणि घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने सोडायच्या. सुरुवातीला डिस्क्रिप्टर -१ आणि पॉइंटर नल ठेवला की अर्ध्यातून उडी मारली तरी गोंधळ होत नाही. डिस्क्रिप्टरला ० देऊन ठेवलं तर मात्र साफसफाईत स्टँडर्ड इनपुट बंद होतो. एर्नो हाकेनंतर लगेच स्थानिक व्हेरिएबलमध्ये उचलायचा, कारण मध्ये एखादा प्रिंटएफ किंवा क्लोज आला तरी तो बदलू शकतो. संदेश स्टँडर्ड एररवर द्यायचा आणि त्यात चार गोष्टी हव्यात : काय करत होतो, कुठली फाईल, कितव्या बाइटवर, आणि स्ट्रएररचं कारण. ‘राइट फेल’ एवढ्यावरून काट्यावरच्या माणसाला काहीच करता येत नाही. फेल झाल्यावर चाचणीची फाईल पुसायची का, यावर मतं वेगळी असू शकतात. आमचं मत : फरक सापडला तर पुसायची नाही, तोच पुरावा आहे. लिहितानाच अडलं तर पुसायची, नाहीतर भरलेलं कार्ड भरलेलंच राहतं.

वाचून झाल्यावर मुद्दाम बिघाड घडवून बघितले. जागा संपण्यासाठी खरं कार्ड भरत बसायची गरज नाही. टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधली फाईलसिस्टिम, माउंट करताना माप ३६०० किलोबाइट दिलं. १ एमबीचे तीन ब्लॉक पूर्ण जातात, चौथ्यात साधारण ५२८ किलोबाइट जाऊन कमी उत्तर येतं आणि पुढच्या हाकेला ईनोस्पेस. एकाच चाचणीत दोन्ही वाटा. माप ४०९६ ठेवलं असतं तर चारही ब्लॉक बरोबर बसून मधली वाट तपासलीच गेली नसती. कायम भरलेली असल्याचं भासवणारी /डेव्ह/फुल इथे चालत नाही, कारण युटिलिटी नवी फाईलच बनवायची या अटीने ओपन करते आणि तिथे ईएक्झिस्ट, म्हणजे ‘आधीच आहे’, मिळतो. पण अहवाल त्या दिशेने वळवून बघण्यासारखा आहे. प्रिंटएफ बफरमध्ये लिहून मोकळं होतं, खरी एरर प्रोग्राम संपताना येते आणि कोणी बघत नाही. अहवाल गायब, एक्झिट कोड ०. शेवटी स्टँडर्ड आउटपुटवर एफफ्लश आणि एफएरर तपासून ते २ केलं.

प्रोग्रामने कर्नलला मारलेल्या हाका दाखवणाऱ्या एसट्रेसच्या इंजेक्ट सोयीने एफसिंकला ईआयओ देता येतो, तिसऱ्याच राइटला एरर देता येते. त्यात अहवालाच्या राइटही मोजल्या जातात, म्हणून क्रमांक देताना आधी एकदा साधा एसट्रेस बघून घ्यावा. खोटं कमी उत्तर द्यायचं असेल तर लक्षात ठेवायचं, की तेव्हा खरी राइट होतच नाही. तेवढे बाइट फाईलमध्ये नसतात, आणि वाचणाऱ्या भागाने ते पकडलंच पाहिजे. यूलिमिट -एफने फाईलचं माप अडवलं तर आधी सिगएक्सएफएसझेड सिग्नल प्रोसेस मारतो आणि शेलला १५३ दिसतो. तो सिग्नल दुर्लक्षित केला तरच ईएफबिग हाती येतो.

परवानगी नसल्याची चाचणी रूटने चालवू नये. रूटला परवानग्या अडवत नाहीत, फाईल खुशाल उघडते आणि चाचणी उगाच फेल दिसते. कंटेनरमध्ये बहुतेकदा आपण रूटच असतो हे विसरायला होतं.

आता कार्डाच्या पाकिटावर तीनपैकी एक शिक्का पडतो : ० असेल तर ‘ठीक’, १ असेल तर ‘खराब’, २ असेल तर ‘तपासलं नाही’. सिग्नलने मेलेली प्रोसेस, १५३ किंवा दुसरा कुठलाही आकडा आला तरी शिक्का ‘तपासलं नाही’ हाच, आणि ते कार्ड पहिल्यापासून पुन्हा रांगेत.